बदामाखालचा पाइप

मॅडम,

मागच्या महिन्यात मी तुमच्या घरी जाऊन आले. मागच्या मोरीतून पाणी उलटं येतंय असा तुमच्या पुतण्याचा फोन आला होता. तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली, तरी फोनवर तो 'काकूचं घर' असंच म्हणाला. मी त्याला पत्ता विचारला. पत्ता मला पाठ होता, पण ओळख आधी निघाली की माणसं अहवालातही ओळखीची सवलत मागतात, म्हणून अनोळखी राहून विचारला. त्यानंही अनोळखी माणसाला सांगावा तसा खाणाखुणांसह सांगितला. 'मॅडम, इकडे बघा, तिकडे वळा,' असं तो मला सांगत होता. त्या घराच्या संदर्भात हा शब्द ऐकला की मला अजून वाटतं, कुणीतरी तुम्हाला हाक मारतंय.

मी आता हेच काम करते. जुन्या घरांच्या नाल्या. जोराच्या पाण्यानं पाइप मोकळा करणारं एक जेटिंग मशीन आहे, पाइपात सोडायचा एक कॅमेरा, एक टेम्पो, आणि मशीन चालवणारे एक वयस्क काका. चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही, ही पहिली अट. अंबाजोगाईत काम भरपूर आहे, कारण चार माणसांच्या हिशोबानं टाकलेल्या पाइपांवर आता कॉट बेसिसवर चौदा मुलं राहतात. विश्वास मात्र कमी. बाई आलेली पाहून लोक आधी आडनाव विचारतात. मी कंपनीचं नाव सांगते. मग शंका येते की पाइप हिनंच फोडला तर? आणि स्क्रीनवर दाखवतेय ते आमच्याच घरातलं कशावरून? त्यावर मी एक पद्धत ठरवली आहे. कॅमेरा घालायच्या आधी घरच्यांनाच सांगते, तुमच्या हातानं चेंबरमध्ये काहीतरी टाका. कुणी फूल टाकतं, कुणी काडेपेटीची काडी. स्क्रीनवर तेच दिसलं की माणसं स्क्रीनजवळ सरकतात. मला या शंकांचा राग येत नाही. मीही ज्या घरात जाते तिथल्या माणसांवर तेवढीच शंका घेते.

तुमचा पुतण्या फाटकातच उभा होता. समोरच्या खोल्यांना नवी फरशी झाली आहे, तुमची पुस्तकांची खोली आता मुलांना भाड्यानं दिली आहे. मागच्या दोन खोल्यांत मावशी तशाच आहेत. तुमच्याकडे स्वयंपाकाला होत्या तेव्हा राहायच्या तिथंच. तुम्ही त्यांना हयातभर राहा म्हणून तोंडी सांगितलं होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि पुतण्यालाही माहीत आहे. त्यानं सरळ बोलायला सुरुवात केली. पाइप चाळीस वर्षांचे, चिनी मातीचे, सगळे खचलेले असणार. मागचा भाग पाडून तिथं नव्यानं खोल्या काढायच्या. मावशींना युसूफ वडगावला भावाकडे पाठवायचं. फक्त नाली गेली आहे, मागचा भाग राहण्यालायक नाही, एवढं तुम्ही लेटरहेडवर लिहून द्या, म्हणजे मला वाईट व्हायला नको. शेवटचं वाक्य तो जरा हळू बोलला.

मावशींनी मला ओळखलं. चष्म्याच्या वरून बघत म्हणाल्या, "आलीस का. आता नाल्या काढतीस म्हनं." मग मला मोरीपाशी नेऊन आवाज उतरवला. "पाइपाला काई झालं न्हाई बघ. ह्यानंच काईतरी कोंबलंय. फरशीवाल्या मिस्त्रीनं मालाची घमेली कावून हितं मागं येऊन धुतली? पुढं नळ न्हाई का?"

मी मागच्या चेंबरचं झाकण पाहिलं. कडेला सिमेंटचे शिंतोडे होते, वाळलेले. तिथंच माझं मत झालं, मावशी म्हणतात तेच खरं.

मॅडम, तुमच्या त्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा आले ती एका रविवारी संध्याकाळी. तुम्ही शिकवायचात त्या तंत्रनिकेतनच्या हॉस्टेलची मेस रविवारी रात्री बंद असायची. मी चकलांब्याहून आलेली, सोळा वर्षांची, वर्गात कुणाशी न बोलणारी मुलगी. तुम्ही वह्या तपासायला मदत हवी म्हणून बोलावलंत, आणि वह्या चारच निघाल्या. मावशी भाकरी थापतायत, तुम्ही ओट्याला टेकून उभ्या आहात, मी ताटात बघतेय आणि विचार करतेय, ह्या मला का जेवू घालतायत? दर रविवारी मी नवं कारण शोधायचे. घरकाम करून घ्यायचं असेल. पुढं कुठं तरी माझं नाव सांगून कौतुक मिळवायचं असेल. एकदा मावशीच म्हणाल्या, "पुतण्यासाठी हेरून ठिवली का काय मॅडमनी?" तुम्ही हसलात, मी मात्र पुढचे दोन रविवार आले नाही. तिसऱ्या रविवारी आले तेव्हा तुम्ही काही विचारलं नाहीत. त्याचीही मला शंका आली.

तुम्ही रागावलात ती एकच वेळ मला आठवते. एका जुन्या घराच्या नालीचा नकाशा काढून आणायचा होता. मी माप घ्यायला गेले, पण बोळात कुत्रं होतं, म्हणून निम्म्यातून परतले आणि उरलेला उतार पुस्तकाप्रमाणे काढला. रेषा सुंदर आली होती. तुम्ही त्या रेषेवर बोट ठेवलंत आणि सगळ्या वर्गासमोर विचारलंत, "हा उतार तू पाहिलास, की असायला पाहिजे म्हणून काढलास?" तुम्ही कागद परत दिलात, फाडला नाहीत. फाडला असता तर मला बरं वाटलं असतं.

आणि डिप्लोमा झाला त्या दिवशी तुम्ही मला पितळी पट्टीची पाणसळ दिलीत, गवंड्यांकडे असते तशी, बुडबुड्याची. दुसरं कुणी असतं तर पाया पडलं असतं. मी ती ओट्यावर ठेवली, बुडबुडा पाहिला, मग पाणसळ फिरवून, डावं टोक उजवीकडे करून, त्याच जागी ठेवली आणि पुन्हा पाहिला. दोन्ही वेळा बुडबुडा ओट्याच्या एकाच बाजूला थांबला, म्हणजे पाणसळ खरी होती. मावशींनी कपाळावर हात मारला. "देनाराच्या तोंडावर तपासतीस?" तुम्ही म्हणालात, "तपासू द्या. ओटा वाकडा निघाला एवढंच." ओटा खरंच किंचित वाकडा होता.

तर मागच्या महिन्यात. मोरीच्या बाजूला पाणी तुंबलेलं, म्हणून मी कॅमेरा रस्त्याकडच्या चेंबरमधून उलटा आत घातला. तिकडून पाइप कोरडा होता. मावशींना काहीतरी टाका म्हटलं, त्यांनी त्याच चेंबरमध्ये कांद्याची साल टाकली. स्क्रीनवर साल दिसल्यावर पुतण्यानं मान हलवली. पाइप चांगला होता, मॅडम. खचलेला नव्हता, उतार अजून सरळ होता. मागच्या अंगणातल्या बदामाच्या झाडाखाली एका सांध्यातून बारीक मुळं आत आली होती, केसांच्या बटेसारखी. ती प्रत्येक जुन्या घरात असतात. त्याच्या पुढं कॅमेरा थांबला. समोर राखाडी रंगाची भिंत होती. गुळगुळीत, पाइपभर, कडेला किंचित वर चढलेली. सिमेंटचं पाणी पाइपात जाऊन बसलं की अगदी असंच दिसतं. मी अशी कितीतरी पाहिली आहेत, आणि मी स्क्रीनकडे न बघता पुतण्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो मोबाइल बघत होता. ज्याला आत काय आहे ते माहीत असतं, तोच मोबाइल बघतो, असं मी मनात म्हटलं. वाक्यसुद्धा तयार झालं होतं: नाली जुनी झाल्यामुळे बंद झालेली नसून बंद करण्यात आलेली आहे.

जेटनं पहिल्यांदा काहीच हललं नाही. काकांनी दाब वाढवला. तिसऱ्या खेपेला एक तुकडा सुटून पुढच्या चेंबरपर्यंत वाहत आला, मुठीएवढा. मी तो हातमोज्यात घेतला आणि अंगठ्यानं दाबला. सिमेंट दबत नाही. हा वरून कडक होता, आतून मेणासारखा दबला. वास जुन्या तेलाचा. बारीक काळे कण होते, ते चोळल्यावर बोटाला काजळी लागली. वाळू नव्हती. मी पुन्हा चोळून पाहिलं. वाळूशिवाय मिस्त्रीच्या घमेल्याचं पाणी नसतं.

मावशींना विचारलं, भांडी कशानं घासता? त्यांना प्रश्नच कळेना. "राखंनं. आजून कशानं?" राख अंघोळीच्या पाण्याच्या चुलीतली. आणि विसळायला पाणी किती घेता, तर एक तांब्या. मग त्यांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज शाळेतल्या पाठांतरासारखा झाला. ज्या वर्षी शहराला टँकरनं पाणी आलं, त्या वर्षी तुम्ही नियम घालून दिले होते. तांदळाचं, डाळीचं, भाजीचं पाणी बदामाला. अंघोळीचं पाणी बादलीत धरून तेही बदामाला. भांडी आधी राखेनं कोरडी पुसायची, मग एका तांब्यात विसळायची, आणि तेवढंच मोरीत सोडायचं. "मॅडम म्हनल्या, झाड जगलं पायजे. जगलं का न्हाई? आमी अजून तसंच करतोत."

तेव्हा मी पुण्यात नोकरीला होते, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी बदामाकडे पाहिलं. त्याची सावली दोन्ही खोल्यांवर पडते. मॅडम, तुम्हीच शिकवलं होतं ना, नालीत पाणी पुरेशा वेगानं गेलं तरच ती स्वतःला धुते. पाणी कमी झालं की आधी तेल बसतं, तेलावर गाळ बसतो, आणि मग उतार कितीही बरोबर असो, उपयोग नसतो. फळ्यावर तुम्ही हे लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. आणि त्याच तुम्ही पाइपातलं सगळं पाणी काढून घेतलंत आणि राख तेवढी ठेवलीत. हे तुम्हाला कळलं नसेल यावर माझा विश्वास नाही. कळलं असणार. झाड आणि पाइप यांतलं एकच जगणार होतं आणि तुम्ही झाड निवडलंत. की त्या वर्षी पाण्याच्या रांगेत मावशींना उभं राहावं लागू नये, एवढंच बघितलंत? विचारायची सोय नाही.

मी बघितलं तेवढंच लिहिलं. पाइप शाबूत. एका सांध्यात मुळं, ती कापली. सांधा बांधून घ्यावा. अडथळा राख आणि तेलाचा, काढला. मागच्या खोल्यांना नालीमुळे धोका नाही. पुतण्यानं ते उभ्यानंच वाचलं.

"म्हणजे पाडता येणार नाही?"

"नालीच्या नावावर नाही. दुसरं काही कारण असेल तर ते मला माहीत नाही."

तो बदामाच्या पारावर बसला. मग म्हणाला की आणखी दोघांना विचारलं होतं, ते न बघताच लिहून द्यायला तयार होते. मी विचारलं, मग मला का बोलावलं? तो म्हणाला, "काकू सांगून गेलती. घराच्या पाइपाचं कधी काही निघालं तर त्या चकलांब्याच्या पोरीला बोलव. ती तुझ्यावर विश्वास ठेवणार नाही आणि माझ्यावरही ठेवणार नाही." म्हणजे फोन केला तेव्हाच त्याला मी कोण हे माहीत होतं. तरी त्यानं पत्ता सांगितला आणि मी लिहून घेतला.

हे तुम्ही खरंच म्हणालात का? की अहवाल मनासारखा आला नाही म्हणून चांगलं दिसायला त्यानं ऐनवेळी बनवलं? वाक्य तुमच्यासारखं आहे. पण तुमच्याजवळ वाढलेल्या माणसाला तुमच्यासारखं वाक्य करता येणारच. मावशींना त्या घरातून आज कुणी काढत नाही, एवढं नक्की आहे. उद्याचं मी लिहून देऊ शकत नाही.

निघताना मावशींना सांगितलं, रोज दोन बादल्या मोरीत ओता. त्या भडकल्या. "दोन बादल्या? नळ आठवड्यानं येतो. मॅडम असत्या तर तुला फाटकाबाहेर काढलं असतं." बराच वेळ वाद झाला. शेवटी तोडगा निघाला तो असा: बाकीचं पाणी बदामाला जाईल तसंच जाऊ दे, अंघोळीचं तेवढं टबात धरायचं आणि सकाळी एकदम मोरीत सोडायचं. हळूहळू नाही, एकदम. पाणी घरात तेवढंच लागेल, फक्त वेग येईल. मावशींनी माझ्यासमोर एकदा टब उलटा केला. पाणी मोरीत गेलं, गुडगुडलं, आणि रस्त्याकडच्या चेंबरपाशी उभ्या असलेल्या काकांनी पाणी आलं म्हणून हात वर केला. मावशी म्हणाल्या, "बदाम वाळला तर तुझ्या दारात आनून टाकीन." मी हो म्हटलं.

हे मी कुणाला दाखवणार नाही, त्यामुळे एक गोष्ट लिहायला हरकत नाही. मनातून मला तिथं सिमेंटच सापडायला हवं होतं. तो तुकडा मी कचऱ्यात टाकला असं पुतण्याला आणि मावशींना सांगितलं, पण तो घरी आणला. डब्यात ठेवला आणि रविवारी पुन्हा फोडला, जुन्या चाळणीत पाण्याखाली धुतला, उन्हात वाळवला, भिंग लावून पाहिला. वाळूचा एक कणही नाही. निम्मा तुकडा अजून शिल्लक आहे. तो मी टाकलेला नाही.