डाव्या हाताचा घास

मंगळवार, संध्याकाळ

सोनाआजी आजही जेवली नाही. डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळच्या राउंडला नाकातून नळी घालू. गिळता येतंय तिला. तरी नळी, आणि तीही माझ्यामुळे.

लकव्याने तिचा उजवा हात गेलाय. रुग्णाला जे जमेल ते त्याचं त्याला करू द्यावं, उरलेलंच परिचारिकेने करावं, हा सिद्धान्त मी विद्यार्थिनींना शिकवते. म्हणून काल त्यांच्यादेखत मी तिच्या सुनेला भरवताना थांबवलं आणि मऊ भाताची ताटली आजीच्या डाव्या हाताशी सरकवली. म्हटलं, "आजी, हा हात चांगला आहे की."

तिने तोंड फिरवलं. आता सुनेच्या हातूनही घेत नाही.

सून नाशिककडच्या पेठ तालुक्यातली. आज हळूच म्हणाली, "ताई, त्या हातानं धुतात, जेवत नाय. तुम्ही तरी जेवाल का?"

मी म्हटलं, चमचा देते. ती म्हणाली, "पण हात तर तोच ना?"

हे मला सुचू नये? मी काय परदेशात वाढले?

घरी येऊन वरणभात घेतला, डाव्या हाताने. घास ओठांशी आला आणि हात तिथेच थांबला. आणि तिला मी हे सगळ्या वॉर्डासमोर करायला सांगत होते.

तिचाच उजवा हात माझ्या हातात धरून घास तोंडाशी नेला तर? राउंडच्या आधी जाते. पण मला बघून तिने तोंड उघडलंच नाही तर? एकच घास, आजी. तुझ्याच हाताचा.