थोरलीला कमी गुण

४ फेब्रुवारी

चि. शिंकूबाईस,

अनेक आशीर्वाद. फोनवर आई कान लावून बसते, म्हणून पत्र.

माझा रिपोर्ट आला. तुझ्यासारखीच मोठ्या आतड्याची गाठ, तुझ्यासारखंच ऑपरेशन, काढलेल्या गाठीची तपासणीही तीच. गाठीच्या मध्यात आणि कडेला शरीराच्या लढणाऱ्या पेशी किती शिरल्या होत्या ते मोजतात, हे तुला सांगायला नकोच. तुझ्यात भरपूर निघाल्या. माझ्यात नावाला. कडेला थोड्या घुटमळत होत्या, आत जायची एकीचीही छाती झाली नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, गाठ परतायचा धोका धाकटीपेक्षा जास्त आहे, तेव्हा केमो घ्या.

मी जन्मभर पोहायला शिकवते. कडाक्याच्या थंडीतही पहाटे पाण्यात उतरते. शाळेत एक दिवस गैरहजर नव्हते. आणि तू? खिडकी उघडली की शिंका, मांजर दिसलं की पुरळ. परीक्षेलाही रुमालांची चळत घेऊन जायचीस. तरी तुझ्या पेशी शूर आणि माझ्या बिनकामाच्या, हा कुठला न्याय? खरं सांगते, रिपोर्ट वाचून आधी भीती वाटलीच नाही. तुझा हेवा वाटला. अंगाची नुसती लाही लाही झाली.

केमो मी घेणार नाही. तुला लागलं नाही, मग मीच का? आईला यातलं काही कळता कामा नये. ती तुझ्याकडे राहते, तेव्हा तोंड आवर.

लोभ असू दे. मत्सर माझ्याकडे पुरेसा आहे.

तुझी,
ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र वाचून आधी हसू आलं, मग रडू. शिंकांचा आणि त्या आकड्याचा काही संबंध नाही, मी मुद्दाम विचारून आले. आणि ते काही वार्षिक परीक्षेचे गुण नव्हेत. पाऊस यायची शक्यता किती, एवढंच तो आकडा सांगतो. तुला जास्त सांगितलीय, तर छत्री घे. धाकटीनं घेतली नाही म्हणून थोरली भिजत उभी राहणार, याला काय म्हणावं?

हेव्याचं म्हणशील तर रांगेत माझा नंबर आधी आहे. तू ओल्या केसांनी घरी यायचीस, दोन माणसांचं जेवायचीस, आणि मी गळ्यापर्यंत पांघरूण ओढून तुझे खांदे बघत पडायची. ते खांदे मला हवे होते. अजूनही हवेत.

आता शिव्या घाल. आईला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, थोरलीकडे कधी बघावं लागलं नाही, म्हणून बघायचंच राहून गेलं. लगेच बॅग काढायला लावली. उद्या तिला गाडीत बसवून देते. चष्म्याच्या दुकानातून सुटी मिळाली की महिनाअखेरीस मीही येते.

तुझ्या लोभाची नि शिव्यांची वाट पाहणारी,
शिंकू

२० फेब्रुवारी

चि. शिंकूस,

आशीर्वाद. चुगलखोर तू पहिल्यापासूनच.

आई आली. चप्पल काढायच्या आधीच तिनं विचारलं, केमो कधी आहे. घेणार नाही म्हणायला माझी जीभ रेटेना.

तू तापानं फणफणायचीस तेव्हा ती तुझ्या उशाशी बसायची आणि मला लागण होईल म्हणून दाराबाहेर ठेवायचे. तिथून मी बघत राहायचे. एकदा ताप दिसावा म्हणून मी थर्मामीटर गरम चहात बुडवला. तो फुटला आणि मला धपाटा मिळाला. तू झोपेत होतीस, तुला कुठलं आठवणार.

काल पहिलं सलाइन झालं. बोटांना मुंग्या येतात, गार पाणी गिळवत नाही, पोहण्याचं तर नावच नको. नातेवाइकांनी बाहेर थांबावं असं नर्सनं सांगितलं, तर आईनं ऐकूच येत नसल्याचं सोंग केलं आणि खुर्ची आणखी जवळ ओढली. कालपासून तिचा हात माझ्या कपाळावर आहे. मला ताप नाही. तिला ते कळतं, तरी ती हात काढत नाही, आणि मीही काढ म्हणत नाही.

तू महिनाअखेरीस येते म्हणालीस. येऊ नकोस. तू आलीस की ती उठून तुझ्याकडे जाईल, सवयच आहे तिला. पुढच्या सलाइनला ये. एवढ्या एका सलाइनपुरती आई माझ्या एकटीची राहू दे.

लोभ आहेच.

तुझी,
ताई