आंबा निर्दोष आहे

१७ एप्रिल
सकाळी आरशात पाहिलं तर वरचा ओठ मडक्याच्या काठासारखा. हनुवटीवर लाल पुरळ. खाज इतकी की कॉन्व्हेंटमध्ये शिकलेले सगळे मॅनर्स विसरून खाजवत बसले.
त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. नाव मनस्वी, वय माझ्या छत्रीइतकं. मला आजी म्हणाली. मग विचारलं, सध्या आंबे खाताय का. एप्रिलात रत्नागिरीच्या माणसाला हा प्रश्न. गोळ्या लिहून दिल्या आणि पंधरा दिवस आंबा बंद म्हणाली. मी सांगितलं, माझी पेटी परवाच आली आहे. ती हसली. मी नाही.

१८ एप्रिल
माझी पेटी म्हणजे बाजारातली नव्हे. वडील गेले तेव्हा बागेवरचा हक्क मी सही करून सखारामला, माझ्या भावाला, सोडून दिला. अट एकच. विहिरीवरच्या कलमाची एक पेटी दर वर्षी मला. ते कलम माझ्या बारशाच्या वर्षी लावलेलं. सखाराम गेला, आता त्याचा मुलगा समर्थ पाठवतो. मी आंबा खात नाही असं त्याला कळलं की पेटी बंद. पेटी बंद म्हणजे माहेर बंद, कारण एरवी मला तिथे कोण विचारतं?
तेव्हा आंबा निर्दोष आहे हे सिद्ध करायचं. पुराव्यासकट. बंदर खात्यात हेडक्लार्क होते, चौकशी कशी चालवायची ते मला कोणी शिकवायला नको.

१९ एप्रिल
घरच्या घरी ॲलर्जी टेस्ट. फोनवर व्हिडिओ पाहिला. शेवटी 'हे घरी करू नका' असं होतं, ते अडाणी लोकांसाठी.
डाव्या हातावर बॉलपेनने चौकोन आखले. प्रत्येकात एक संशयित, वर चिकटपट्टी. अंगाचा साबण, कपड्यांची पावडर, सुकट, पंख्यावरची धूळ आणि शेजारच्या उझमाच्या मांजराचे केस. केस मागायला गेले तर ती म्हणाली, ताई, आंब्याचाही एक चौकोन करा की. दर वर्षी माझ्या पेटीतला वाटा खाते आणि वर हे. मी म्हटलं, घरच्यांवर संशय घ्यायची आमच्यात पद्धत नाही.
जेवणानंतर दोन आंबे.

२१ एप्रिल
पट्ट्या काढल्या. सगळे चौकोन सारखेच लाल. म्हणजे सगळे दोषी. किंवा चिकटपट्टी. तिलाही आरोपी केलं.
ओठ आणखी सुजला.

२४ एप्रिल
साबण बंद. पावडर बंद. सुकट बंद, म्हणून मग मासेच बंद. उझमाला सांगितलं, मांजर माझ्या जिन्यावर नको. तिने दार लावून घेतलं. एरवी हळू लावते.
आता जेवणात वरणभात आणि आंबा. प्रयोग असाच करायचा असतो, एकेक गोष्ट काढत जायची. तरी खाज आहेच.
समर्थला फोन केला. म्हटलं, विहिरीवरच्या कलमाची चव दुसऱ्या कशाला नाही, आणि एका फळात साका, तो पांढरा नासका गर, निघेल तर शपथ. तो म्हणाला, हो आत्ये. हल्ली फार कमी बोलतो. बापावर गेलाय.

२७ एप्रिल
एक संशयित नजरेतून सुटला होता. पेटीतला कागद! छपाईची शाई हाताला लागते, हात तोंडाला. इतकं सोपं होतं. वर्तमानपत्राचा तुकडा फाडून हातावर चिकटवला. सहज वाचायला गेले तर एक अक्षर लागेना. चष्मा बदलला. अक्षरं जिलब्यांसारखी.
उझमाचा नवरा अली ट्रॉलरवर असतो, पार मंगलोरपर्यंत जातो, तिकडच्या पुड्या तिच्या घरात येत असतात. अबोला बाजूला ठेवून तिला हात दाखवला. तिने वाकून पाहिलं.
"ताई, हे कानडी आहे. हा आंबा तिकडचा."
मी म्हटलं, मांजराचा राग माझ्या आंब्यावर काढू नकोस.

२८ एप्रिल
समर्थला फोन. आधी म्हणाला, रद्दीवाल्याकडचा कागद असेल. मग रेंज गेली. मी पुन्हा लावला तेव्हा आली.
गेली तीन वर्षं बाग कराराने दिलेली आहे, म्हणाला. फळ सगळं करारवाला नेतो. माझी पेटी समर्थ हातखंब्याला हायवेवरून विकत घेतो.
मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?
"अगो आत्ये, दर वर्षी तूच फोन करून कलमाची चव सांगतेस. मग मी कुठच्या तोंडाने सांगणार होतो?"
म्हणजे चूक माझीच. तीन वर्षं मी परमुलखाला माहेर समजून चोखत बसले होते.

त्याच दिवशी, संध्याकाळी
चहा घेताना लक्षात आलं. ॲलर्जी त्या परक्या आंब्याची आहे! माझं कलम निर्दोष सुटलं. वासावरून मला पहिल्यापासून शंका होतीच. डॉक्टरीणबाईंना कळवायला हवं की पेशंटला नुसतं 'आंबा खाता का' विचारू नये, कुठला ते विचारावं.
उरलेली पेटी नजरेआड केली.

४ मे
ओठ पूर्ण बरा. हाच पुरावा.
गावी गेले. समर्थने करारवाल्याला गळ घालून विहिरीवरच्या कलमाचं फळ माझ्यासाठी अढीत पिकत ठेवायला लावलं होतं. सगळा वेळ खाली बघत होता. विहिरीच्या कठड्यावर बसून पहिला आंबा खाल्ला. किंचित आंबट लागला. स्वभाव असतो झाडाचा, माझाही तोच आहे. समर्थची बायको शमिका पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने विचारलं, आत्ये, तोच ना? मी डोळे मिटून म्हटलं, तोच.
येताना पेटी घेऊन आले. या वेळी कागद मराठी.

५ मे
ओठ. हनुवटी. या खेपेला एक डोळाही.
परक्याने केलं तर माणूस चार शब्द सुनावून मोकळं होतं. इथे कोणाला सुनावू?
समर्थचा फोन आला, चव कशी होती. म्हटलं, उत्तम. तो इतका खूश झाला की पुढच्या वर्षीचं करारवाल्याशी आजच बोलून ठेवतो म्हणाला. मी म्हटलं, ठेव.

७ मे
निश्चय केला. पेटी दर वर्षी येणार, मी खाणार नाही. नुसता वास घेणार. वासाला वैद्यकशास्त्राची हरकत नसावी. सगळी पेटी उझमाकडे नेऊन दिली, एक फळ तेवढं वासापुरतं मागे ठेवलं. हा माझ्या माहेरचा खरा आंबा, नीट लक्ष देऊन खा, असं बजावून आले.
संध्याकाळी ती आली. दारातच घुटमळली.
"ताई, खरं सांगू? मागच्या वर्षीचे जास्त गोड होते."
मला तिला बरंच काही सुनावायचं होतं. पण वासापुरत्या फळाची दुपारी नुसती कोय उरली, तेव्हापासून ओठ इतका सुजला होता की शब्दच फुटेना.