आधी तार, मग धार

४ जानेवारी

आले एकदाची! भाच्याने गाडी पाठवली होती, शिवाय फाटकापाशी स्वतः उभा. म्हणाला, "मावशी, शाळा सुटली, आता कारखाना भरला." ताई गेली तेव्हा हा एवढासा होता, माझ्याच कुशीत वाढला. आता थिनरचा कारखाना चालवतो, आणि लबाडाला टक्कलही पडू लागलंय. निवृत्त होऊन भिंतींशी बोलत बसण्यापेक्षा माझ्या कामगारांना सुरक्षेचे धडे दे, असा त्याचा हट्ट. रसायनशास्त्र शिकवण्यातच माझा जन्म गेला. नाही कशाला म्हणू?

खोली उजेडाची आहे. खिडकीतून आवार दिसतं आणि पलीकडे टॉल्युइनचं गोदाम. गोडसर वास इथवर येतो. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला बाटली नाकाशी नेऊ देत नसत. तळहाताने हलका वारा घालायचा आणि वासाला पाहुण्यासारखं बोलवायचं. इथला पाहुणा न बोलावताच आलाय. असू दे.

७ जानेवारी

पहिला वर्ग झाला. त्यांना म्हटलं, टॉल्युइन दिसायला पाणी, पण वागायला पाणी नव्हे. रंग, शाई, गोंद सगळं विरघळवतं, म्हणून आपलं पोट त्यावर चालतं. पण त्याची वाफ हवेपेक्षा जड. ती वर जात नाही. जमिनीवरून सरपटते, पायऱ्या उतरते, खड्ड्यात दबा धरून बसते. गार हवेतसुद्धा पेट घेते. वर पाणी ओतलं तर पाण्यावर तरंगत जळते. फेस नाहीतर वाळूच हवी. आणि नाक फार लवकर थकतं. वास यायचा थांबला म्हणजे वाफ गेली असं समजू नका.

मागून डबे भरणारी एक बाई म्हणाली, "आमच्या घरच्या मालकांच्या दारूचं तसंच झालंय बघा, आता वासच येत नाही." वर्ग खो खो हसला. मीही हसले, सिस्टरांनी मला बाकावर उभं केलं असतं.

मग पिंपातून डब्यात ओतण्याचं सांगू लागले. वाहताना द्रवात वीज साठते, म्हणून पिंप आणि डबा चिमट्यांनी तारेला जोडायचे, तार जमिनीत गाडलेली. मी तोंड उघडायच्या आत सगळे एका सुरात ओरडले, "आधी तार, मग धार!" माझ्या कुठल्याच वर्गाने इतकं चोख उत्तर कधी दिलं नव्हतं. कुणी शिकवलं, म्हणून विचारलं, तर सगळे फोरमनकडे बघू लागले. फोरमन म्हणाला, "होती एक."

१२ जानेवारी

गोदामाच्या दाराशी तांब्याची पट्टी आहे. आत जाण्याआधी तिला उघडा तळवा टेकवायचा, म्हणजे अंगावरची वीज जमिनीत उतरते. पुस्तकातही हेच आहे. पण इथे टेकवताना प्रत्येक जण पुटपुटतो, "घे बाई, ठेव." मला मोठी गंमत वाटली. आता मीही म्हणते. हवा कोरडी, त्यामुळे बारीकसा चटका बसतो, आणि सगळे माझ्याकडे बघून हसतात.

सकाळच्या गारठ्यातही पट्टी कोमट असते. कुणीतरी पलीकडून तळवा टेकवून ठेवल्यासारखी.

१९ जानेवारी

फोरमनला आज धरूनच बसवलं. बोलला शेवटी.

डबे भरणाऱ्या बायकांवर एक मुकादम होती. सगळे तिला तारवाली म्हणत. तार लावल्याशिवाय थेंब ओतू देत नसे. गेल्या हिवाळ्यात चिमटा मोडला. ओतणार नाही म्हणाली. साहेब, म्हणजे माझा भाचा, स्वतः खाली आला. "ओत, नाहीतर घरी जा." इतर बायकांना तिने बाहेर काढलं आणि एकटीने ओतलं. ठिणगी पडली, भडका उडाला. पुढचं फोरमनला सांगवेना.

चौकशीत सांगितलं गेलं, तिने नायलॉनचे, अंगावर वीज साठवणारे कपडे घातले होते आणि तार लावायला विसरली. तारवाली! तिच्या म्हाताऱ्या आईला लोक अजून ऐकवतात, पोरगी आपल्याच निष्काळजीपणाने गेली.

माझा मुलगा असं करणार नाही, मी म्हटलं. फोरमन म्हणाला, "मावशी ना तुम्ही. तुम्ही दुसरं काय म्हणणार?" आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, ती जमिनीत आहे, आपली वीजही जमिनीत जाते. थेंबे थेंबे तळे साचे. तळं कुणासाठी, असं मी विचारलं. जो पट्टीला कधी हात लावत नाही त्याच्यासाठी, म्हणाला.

मीही दिलं आहे. रोज. हसत हसत.

२२ जानेवारी

भाच्याला जेवताना विचारलं. आधी तेच नायलॉन. मग वैतागून बोलून गेला, "अगं, चिमटा यायला आठवडा लागणार होता. तोवर काय पिंपांची पूजा करत बसायचं?" आणि भाजी वाढून घेतली.

आपण काय बोलून गेलो ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

२५ जानेवारी

पट्टीला हात लावणं सोडलं. गोदामात जातच नाही. तरी खोलीत पायांच्या घोट्यांशी गार काहीतरी फिरतं, जमिनीलगत, पायरी उतरून आल्यासारखं. पाय वर घेऊन बसते. गोड वास. मग वास जातो — आणि वास गेला की जास्त भीती वाटते.

२७ जानेवारी

कामगारांपुढे हात जोडले. म्हटलं, पट्टीशी ते शब्द बोलू नका, माझा एकुलता एक आहे. कुणी वाद घातला नाही. दारूवर विनोद करणारी तीच बाई पुढे आली. बाई, वर्गात खोटं बोलणाऱ्याला तुम्ही काय करत होता, तिने विचारलं. कोपऱ्यात उभं करत होते, म्हटलं.

"मग? आम्ही तरी काय करतोय?"

२९ जानेवारी

त्याला म्हटलं, एकदा जा. तारवालीच्या आईपुढे उभा राहा, चूक माझी होती म्हण. बस, एवढंच. ती बाई सोडील तुला, मला खात्री आहे — मला माहीत आहे, कारण ती आता माझ्या इतक्या जवळ असते —

हसला. मावशी, तुझं वय झालं. कामगार डोक्यावर बसलेत. उद्या दुपारी स्वतः येऊन ती पट्टी उखडतो.

मला वाटलं, पेटू दे.

वाटलं. ज्याला बोट धरून चालवलं त्याच्याबद्दल.

३० जानेवारी, दुपार

कामगार सगळे फाटकाबाहेर. कुणी पाठवलं नव्हतं, आपण होऊनच गेले. माझ्याकडे बघत आहेत.

मी गोदामाच्या दाराशी. वही वाळूच्या पेटीवर. डावा तळवा पट्टीवर — कधी टेकवला आठवत नाही. मी उभी आहे तोवर त्याला ती उखडता येणार नाही, असं म्हणून आले होते. म्हणजे त्याला वाचवायलाच — 

आतल्या पिंपाचं झाकण उघडं आहे. कुणी उघडलं? घोट्यांभोवती गार. वास अजिबात नाही. म्हणजे पुष्कळ आहे.

पट्टी ऊन होते आहे. माझ्या बोटांत तिची बोटं. रागावलेली नाहीत. घाईत नाहीत.

तो आला. हातात पहार. पायात रबरी तळाचे बूट, अंगावरची वीज जमिनीत उतरूच न देणारे. ओरडतोय, मावशी, बाजूला हो, वेड लागलंय का. खोटं बोलल्यावर याला मी कोपऱ्यात कधी उभं — 

मला वाटलं होतं हात चिकटलाय. चिकटलेला नाही. आत्ता कळलं. बोटं तिने सोडली आहेत. मी उचलू शकते, ओरडू शकते, थांब म्हणू शकते — 

पहार खाली ठेवली त्याने. मला ओढायला हात पुढे करतोय. लहानपणी रस्ता ओलांडताना करायचा तसा, इकडे तिकडे न बघता. थांब म्हटलं की थांबेल. माझं ऐकतो तो. मी थांब म्ह