प्यासे भियाचं नाव

राऊ, इंदूर
४ ऑगस्ट २०२४

ती. मंजुळाआत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पाकीट बघून घाबरू नकोस. कुणी आजारी नाही आणि माझं लग्नही ठरलेलं नाही. फोन असताना हा पोरगा कागद का खराब करतोय, असं म्हणशील. वकिलांचा हुकूम आहे. प्रियंका वकीलबाईंनी दम देऊन सांगितलंय की या विषयावर फोनवर, वॉट्सॲपवर एक अक्षर नाही. फोन उद्या कोर्टात मागवता येतो म्हणे.

तर विषय असा. ‘प्यासे भिया’, म्हणजे तहानलेला भाऊ, असं इंदुरी नाव घेतलेलं जे पेज तू नागपुरात बसून रोज वाचतेस, ते माझं आहे. हे तुला कळलंय हे मलाही कळलं, कारण तूच ते दुनियेला सांगितलंस! आमच्या कॉलेजच्या मुलींच्या होस्टेलात टँकरचं पाणी येतं आणि जाहिरातीत मात्र ‘शुद्ध आरओ’ छापतात. पोरींच्या अंगावर पुरळ, पोटं बिघडलेली. मी केमिस्ट्रीचा मास्तर, पाणी तपासलं, आणखी काही मास्तरांसोबत वर कळवलं. वरून उत्तर आलं की तुम्ही तुमचा सिलॅबस पूर्ण करा. मग हे पेज काढलं. पोरी फोटो पाठवतात, मी कुणाचं नाव न देता टाकतो. पेज कुणाचं, ते त्या पोरींनाही माहीत नाही.

मागच्या महिन्यात मी लिहिलं की या पाण्यात तुरीची डाळ कितीही शिट्ट्या काढा, उभीच्या उभी राहते. आणि त्याखाली तू, पूर्ण नावानं, फोटोसकट: ‘शाबास माझ्या राजा. फौजी आजोबांचा नातू शोभतोस. वेळेवर जेवत जा. जयभीम.’ आत्या, लपलेल्या माणसाला चौकात उभं राहून कुणी आशीर्वाद देतं का गं?

कॉलेजनं इंदूरच्या कोर्टात ‘अज्ञात व्यक्ती’विरुद्ध बदनामीचा दावा लावलाय. मागणी एकच, प्यासे भियाचं नाव उघड करा. पेजवाली कंपनी म्हणते, कोर्टाचा आदेश आणा, त्याशिवाय नाव देणार नाही. तक्रार करणारे मास्तर बरेच, म्हणून इतके दिवस कॉलेजच्या हाती काहीच नव्हतं. आता तुझी कॉमेंट आहे. ती पुसू नकोस हं. त्यांनी फोटो काढून ठेवलाय, आता पुसलीस तर पुरावा मिटवला असं होईल. तुझं आडनाव वेगळं म्हणून अजून वाचलोय.

नोकरी कंत्राटावरची आहे, गेली तर दुसरी बघू. पण माझं नाव निघालं की माझा फोन निघेल, आणि फोनात फोटो पाठवणाऱ्या सगळ्या पोरींची नावं आहेत. त्यांना कॉलेजातून काढतील. लांबच्या गावांहून आल्यात गं, घरचे परत पाठवणार नाहीत. झोप उडालीय ती त्यानं.

संबोधीताईला जयभीम, बाळाला पापा. मी रागावलेलो नाही. लोभ कमी करू नकोस, फक्त जाहीर करू नकोस.

तुझा,
ज्ञानदीप

---

नागपूर
१३ ऑगस्ट २०२४

चि. ज्ञानदीप यास,
जयभीम आणि अ. आ.

पत्र वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. अरे बाबा, मला काय ठाऊक, तिथं लिहिलेलं सगळ्यांना दिसतं म्हणून! मला वाटलं, तुझ्या एकट्याच्या हातात पडतं. संबोधीनं स्वतःच्या आईला फोन शिकवला तेव्हा लाइक कसं करायचं एवढंच सांगितलं, कुठं करायचं नाही ते सांगितलंच नाही. आता तीच मला हसतेय, बदमाश.

डाळ वाचली आणि लगेच ओळखलं बघ. महूच्या क्वार्टरमध्ये मी रोज ह्याच शब्दांत बोंब मारायचे आणि तू पाटावर बसून ताटली वाजवायचास. डाळीपायी असं रडणारं दुसरं पोर मी अख्ख्या जन्मात पाहिलं नाही. आनंदानं डोळे भरले, आणि हात चालला. चुकलं माझं.

एक मात्र खरं सांगते, आधी मला तुझं हे तोंड झाकून लढणं पटलं नव्हतं. तुझे आजोबा फौजेतून सुटून आले आणि बस्तीच्या नळासाठी अर्ज केला, त्याखाली भलीमोठी सही ठोकली होती. मनात आलं, हा सही का नाही करत? भितो काय? पण त्या पोरींचं वाचलं आणि चूप बसले. आजोबांची सही त्यांच्या एकट्याच्या जिवावर होती. तुझ्या सहीखाली किती जणी दबतील.

इथं बरं आहे. संबोधीची सासू माझ्या मराठीला हसते. म्हणते, ताई, तुमची मराठी आधी हिंदीच आहे. आणि स्वतः दिवसभर ‘करून राहिली, जाऊन राहिली’ म्हणते! मी काही बोलत नाही, बाळ आहे मांडीवर. बाळ अगदी तुझ्या बापावर गेलंय, झोपेतही कपाळाला आठी.

तू जेवतोस की नाही ते लिहिलं नाहीस. मला आता कुठं विचारायचीही चोरी झाली. माया होती तेवढीच आहे, हिशेब मागू नकोस.

तुझी,
मंजुळाआत्या

---

राऊ
२२ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

वाईट बातमी आधी सांगतो. कॉलेजच्या वकिलानं कोर्टाला अर्ज दिला की या बाई त्या पेजवाल्याच्या नात्यातल्या दिसतात, त्यांना बोलावून नाव विचारा. कोर्टानं तो मंजूर केला. तुला नोटीस येईल. तुझ्या बाजूनं प्रियंका वकीलबाई उभ्या राहतील.

इकडे कॉलेजनं एक कमिटी बसवलीय. होस्टेलच्या पोरींना एकेक करून आत बोलावतात आणि विचारतात, पेज कुणाचं, फोटो कुणी दिले. गौतमपुऱ्याहून एकीच्या वडिलांना बोलावून दिवसभर बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. बिचारे कांद्याची लावणी सोडून आले होते. मी स्टाफरूमच्या खिडकीतून बघत होतो आणि माझ्या हातात चहा होता. तो चहा मला गेला नाही.

म्हणून ठरवलंय. तू कोर्टात जाऊ नकोस. फोनातलं सगळं पुसून टाकतो आणि मीच जाऊन सांगतो, प्यासे भिया मी आहे. वकीलबाई ओरडल्या, म्हणाल्या की पुसलेलं परत काढता येतं आणि वर पुरावा नष्ट केल्याचं कलम लागेल. लागू दे. या वयात तुला माझ्यापायी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करायचं, हे मला जमणार नाही. आईमागं तूच वाढवलंस. निदान एवढं तरी माझं ऐक.

पाय जपून टाक, नागपुरात पाऊस फार आहे असं वाचलं. माझ्यावर जीव ठेव, पण तो टांगून घेऊ नकोस.

तुझा,
ज्ञानदीप

---

नागपूर
१ ऑक्टोबर २०२४

चि. ज्ञानदीप यास,
जयभीम आणि अ. आ.

खबरदार! कुठं जायचं नाही आणि काही पुसायचं नाही. शहाणा कुठला. तू गेलास की फोन गेला, फोन गेला की पोरी गेल्या. मग इतके दिवस लपून काय केलंस, गोट्या खेळलास? तूच लिहिलंस ना, झोप उडाली ती पोरींमुळं म्हणून? मग आता आत्याचे लाड मध्ये आणू नकोस.

नोटीस आली. पोस्टमननं सही घेतली तेव्हा घरातले सगळे दारात जमले. आमचे जावई बुद्धरत्नजी स्वभावानं फार गरीब, मला बाजूला घेऊन म्हणाले, आई, सरळ सांगा की वय झालं, कुणाला लिहिलं आठवत नाही. तिथंच केस मिटेल. अरे, सरकारी दवाखान्यात नर्स होते मी! अख्ख्या वॉर्डाच्या गोळ्या तोंडपाठ होत्या, आणि हे मला विसराळू करायला निघालेत. पण राग तो नव्हे. मी रोज सकाळी पंचशील म्हणते. चौथं शील काय आहे? खोटं बोलणार नाही. सकाळी बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या पुढं हात जोडून म्हणायचं आणि दुपारी कोर्टात मोडायचं, हे माझ्यानं व्हायचं नाही. तुझ्यासाठीसुद्धा नाही. हे तुला टोचेल, पण आत्ताच सांगून ठेवते.

आणि नावही सांगणार नाही. खोटं न बोलता नाव न सांगणं, याला कोर्टात जागा आहे का, ते प्रियंकाला विचारलं. ती म्हणाली, विचारलं आणि उत्तर दिलं नाही तर कोर्ट शिक्षा करू शकतं. बरं, करू दे.

भीती वाटते रे. वाटत नाही असं लिहिलं असतं तर इथंच शील मोडलं असतं. रात्री संबोधीला म्हटलं, तुरुंगात चहा देतात का? ती रडायलाच लागली, वेडी.

तू फक्त वर्गात जा, शिकव, आणि तोंड मिटून बस. आशीर्वाद आहेत, ते या पाकिटातच आहेत, कुठं लिहिलेले नाहीत.

तुझी,
मंजुळाआत्या

---

महू
१६ नोव्हेंबर २०२४

चि. ज्ञानदीप यास,
जयभीम आणि अ. आ.

सुटले नाही, पण अजून आत पण गेले नाही. आपल्या जुन्या शेजारणीकडं, शांताकडं उतरले आहे. इंदूरहून बसनं येताना राऊ लागलं, तुझ्या कॉलेजचं गेट दिसलं. इतकं वाटलं उतरावं, तुझं तोंड बघावं, हाडं मोजावीत. प्रियंकानं सक्त मना केलं होतं, कॉलेजची माणसं नजर ठेवून असतील म्हणून. मग बस पुढं गेली आणि मी खिडकीकडं तोंड करून रडून घेतलं. बाजूचीनं विचारलं तर सांगितलं, भाच्याची आठवण आली. खोटं थोडंच होतं?

आता कोर्टाचं ऐक. समोरचा वकील पोरसवदा, अम्माजी अम्माजी करत होता. त्यानं विचारलं की हा ‘राजा’ कोण. मी म्हटलं, साहेब, मी वॉर्डातल्या प्रत्येक पेशंटला राजा म्हणत आले, दूधवाल्याला म्हणते, शांताच्या बकरीलाही म्हणते. जजबाई हसल्या. वकिलाचे कान लाल झाले. मला वाटलं, निभावलं.

तेवढ्यात जजबाईंनी चष्मा काढला आणि स्वतः विचारलं की माताजी, पेज कुणाचं आहे हे तुम्हाला माहीत आहे का. अगदी प्रेमानं विचारलं रे. ‘नाही’ एवढा एक शब्द पुरला असता. माझ्या बाजूच्या बाकावर बुद्धरत्नजी डोळे मिटून बसले होते. मी सांगितलं की जी हाँ, माहीत आहे. खोटं बोलणार नाही आणि नावही सांगणार नाही, कारण एक नाव घेतलं तर मागून लेकरांची रांग बाहेर निघेल. काय शिक्षा असेल ती द्या.

समोरचा वकील उड्याच मारायला लागला. मग आपली प्रियंका उठली. काय बोलली पोरगी! म्हणाली, कुणी खोटं लिहून तोंड लपवत असेल तर जरूर पडदा ओढा. पण आधी खोटं काय लिहिलं ते दाखवा. ते न दाखवता नाव मागणं म्हणजे न्याय नको, बदला हवा. जजबाईंनी कॉलेजला विचारलं, यातलं कोणतं वाक्य खोटं आहे. वकील म्हणाला, सगळीच. त्या म्हणाल्या, एक निवडा. तो कागद चाळत बसला. शेवटी म्हणाला, पाणी खराब आहे हे खोटं.

मग हुकूम झाला. सरकारी प्रयोगशाळेनं होस्टेलचं पाणी न कळवता येऊन न्यायचं आणि तपासायचं. अहवाल येईपर्यंत मला कुणी नाव विचारायचं नाही. पाणी चांगलं निघालं तर मात्र मला परत उभं राहावं लागेल आणि तेव्हा गप्प बसले तर शिक्षा पक्की, हे पण बजावलं.

आता सगळं त्या टँकरवर आहे. टँकरवाल्यानं इमानदारीनं घाणच पाणी टाकावं, अशी प्रार्थना करणारी मी पहिलीच बाई असेन. मग त्या पोरींची आठवण आली आणि लाज वाटली. काय मागावं तेच कळत नाही.

दुरूनच जवळ आहे असं समज.

तुझी,
मंजुळाआत्या

---

राऊ
९ मार्च २०२५

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

वकीलबाईंनी तुला निकाल कळवलाच असेल, तरी माझ्या हातून लिहिल्याशिवाय मला चैन नाही. अहवालात पाणी पिण्यालायक नाही, असं स्पष्ट आलं. पुढच्या तारखेला कॉलेजनं दावा मागं घेतला. नाव कुणी विचारलं नाही, यापुढं विचारणार नाही. तू सुटलीस आत्या! तुला कोर्टातून बाहेर येताना बघायलाही मी येऊ शकलो नाही. तू खरं बोललीस आणि मला वाचवलंसही. हे दोन्ही एकदम करता येतं असं मला वाटलं नव्हतं. सुरुवातीला मला रागच आला होता की ही माझ्यासाठी एक खोटं बोलू शकत नाही. आता त्या रागाची शरम वाटते.

होस्टेलला नर्मदेच्या पाण्याची लाइन जोडली. डायरेक्टरनं रिबन कापली, फोटो काढले, आणि भाषणात सांगितलं की विद्यार्थिनींचं आरोग्य हेच आमचं पहिलं ध्येय. मी टाळ्या वाजवल्या. माझं कंत्राटही आणखी वर्षभर वाढलं.

पण पत्र लिहायला बसलो ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. परवा सकाळी वर्गात शिरलो तर टेबलावर पाण्यानं भरलेला स्टीलचा ग्लास होता. मी विचारलं, हा कुणी ठेवला. सगळ्या पोरी हात बांधून माझ्याकडे बघत होत्या. मग पहिल्या बाकावरची एक उठली आणि हळूच म्हणाली की होस्टेलच्या नव्या नळाचा पहिला ग्लास आहे, आणि तो भियाचा आहे.

मला इथं सगळे ‘सर’ म्हणतात, आत्या. भिया कुणी म्हणत नाही.

त्यांना माहीत होतं. पहिल्यापासून सगळ्यांना. टँकरच्या नळाखाली बाटली धरताना त्यांनीच मला पाहिलं होतं. त्या कमिटीपुढं एकेक जणी जाऊन आल्या, आईबापांसमोर धमक्या ऐकल्या, आणि एकीनंही माझं नाव घेतलं नाही. मी वेडा, रात्र रात्र जागून त्यांना लपवत होतो.

मी उभ्या उभ्या पूर्ण ग्लास प्यायलो. कुणी टाळी वाजवली नाही. त्या पोरीनं रिकामा ग्लास उचलून नेला आणि सगळ्यांनी वह्या उघडल्या. मला फळ्याकडं तोंड करून बराच वेळ काहीबाही लिहीत राहावं लागलं.

आता फोनवर बोललं तरी चालेल, पण तू पत्रच लिही. १४ एप्रिलला महूला ये, मी सरळ दारातून आत येईन. माया असू दे, थोडी वाढली तरी मी तक्रार करणार नाही.

तुझा,
ज्ञानदीप