टाकीतला गाळ

बाबूजी, तुमची अँबेसिडर उघडली. तुम्ही असता तर उघडू दिली नसती, हे मला आता कळतंय. इतकी वर्षं वाटत होतं की तुम्हाला तिचं तोंडही पाहवत नाही म्हणून तुम्ही तिच्यावर ताडपत्री टाकून दिलीत. तुम्ही गेल्यावरही ती टिनाच्या शेडमध्ये तशीच उभी राहिली. आता दादाच्या मुलीचं लग्न ठरलंय आणि तिला मंडपात आजोबांच्या जुन्या गाडीतून यायचं आहे. पुण्याकडे म्हणे सध्या हीच फॅशन आहे. दादाचा फोन आला, "मिस्त्री लाव आन् चालू करून घे." दादाला तिकडून सगळं सोपं दिसतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. मी शाळेत दोन दिवसांची रजा टाकली आणि लाखनीहून मिस्त्री बोलावला.

पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं टाकी खाली उतरवली आणि घमेल्यात उपडी केली, तर आधी काहीच पडेना. मग गुळाच्या पाकासारखं काहीतरी हळूहळू ओघळलं आणि त्यामागून पिवळे, चिवट पापुद्रे आले. त्यानं एक पापुद्रा बोटांत धरून ओढला, तो ताणला गेला. "मॅडम, पेट्रोल सडलं तं असं नाही होत," तो म्हणाला. "हे तं ताणून राहिलं. याच्यात कोनतं तरी तेल गेलं हाय जी." मी म्हटलं, काय माहीत. त्यानं टाकीत धुण्याचा सोडा आणि उकळतं पाणी ओतलं, वर दोन ओंजळी बारीक गिट्टी टाकली आणि तोंडात चिंधी कोंबली. एका बाजूनं त्यानं धरली, दुसऱ्या बाजूनं मी, आणि आम्ही ती खळखळ हलवत बसलो. थोड्या वेळानं त्यानं चिंधी काढली आणि वाफ माझ्या तोंडावर आली. पेट्रोलचा वास नव्हता तो. जवसाचं तेल, कढईच्या काठाला महिनोन् महिने चिकटून खवट झालेलं. आपल्या घरात वाढलेल्या माणसाला तो वास ओळखायला दुसऱ्यांदा घ्यावा लागत नाही. माझ्या हातून टाकी सुटली. मिस्त्रीनं विचारलं, भाजलं का. मी हो म्हटलं.

माय होती तेव्हाचे, धानाच्या रोवण्याचे दिवस आहेत. मी शाळेत निघाले आहे, प्रार्थनेची घंटा होईल म्हणून जीव वरखाली होतोय. तुम्ही ओसरीवरून म्हणता, "टाकी कोरडी पडली, पंपापर्यंतही नाही जात गाडी. येताना पाच लिटर आनजो." तुमच्या पेट्रोलच्या कॅनला चीर गेलेली. तर माय घाण्यावरून आलेल्या जवसाच्या तेलाची कॅन बरणीत रिकामी करते आणि माझ्या हातात देते. "हे ने. पण सोड्यानं चांगली धुऊन घेजो, खाली गाळ हाय." मी हो म्हणते आणि कॅन तशीच स्कुटीला अडकवून निघते. दोन बोटं गाळ असेल. संध्याकाळी तुम्ही त्या कॅनमधलं पेट्रोल टाकीत ओतलंत, गाडी एकदा चालू करून शेडमध्ये लावलीत आणि मला म्हणालात, "बरं झालं आनलं ते." पुढे रस्ता चिखलाचा, मग धानाची कामं, गाडी दिवाळीपर्यंत हललीच नाही. मी हे लपवून ठेवलं होतं असं समजू नका. मला ते लक्षात ठेवण्यासारखंच वाटलं नव्हतं. एक कॅन न धुणं, एवढंच तर होतं.

मग कापणीची ती दुपार. माय धानाच्या कोठीला टेकून बसली आणि छातीवरचा हात काढेना. अँब्युलन्सला फोन लावला तर तासभर लागेल म्हणाले. तुम्ही म्हणालात, "गाडी हाय ना घरी. मी नेतो." गाडी खोकत खोकत सुरू झाली आणि तलावाच्या पाळीवरच्या रस्त्यावर येऊन बंद पडली. मायचं डोकं माझ्या मांडीवर. तुम्ही बॉनेट उघडलंत, कार्बोरेटर खोलला, आतली, पेट्रोल जिच्या भोकातून येतं ती बारीक पितळी जेट काढली आणि ओठांत धरून फुंकलीत. राइस मिलमध्ये फिटर होतात तेव्हापासूनची तुमची ती सवय. कुठली नळी तुंबली की आधी तोंड लावायचं. फुंकून तुम्ही थुंकलात. मग थांबलात. दोन बोटं एकमेकांवर चोळलीत, नाकाशी नेलीत, पुन्हा चोळलीत. मी मागून ओरडले, "वास काय घेऊन राहिले? माय चालली इथं." तुम्ही वळून माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं, या माणसाचं डोकं चालेनासं झालंय. तुम्ही जेट परत बसवलीत, गाडी दोनशे पावलं चालली आणि पुन्हा बंद पडली. परत खोलणं, परत फुंकणं. शेवटी धानाचे भारे घेऊन एक ट्रॅक्टर आला, आम्ही मायला भाऱ्यांवर निजवलं. हायवे लागायच्या आधीच ती गेली.

त्या संध्याकाळी अंगणात सगळं गाव जमलेलं असताना मी तुम्हाला म्हटलं, "तुमच्या या भंगारानं माझी माय मारली. आधी उघडून पाहता नाही आली?" वर्गात पोरांना झापते त्याच आवाजात म्हटलं. आत्या माझा हात दाबत होती. तुम्ही खाली मान घालून म्हणालात, "हो. माजीच चुकी झाली." मला तेवढ्यानं बरं वाटलं. खरंच सांगते, त्या दिवशी मला बरं वाटलेली ती एकच गोष्ट.

त्यानंतर सहा वर्षं आपण एका घरात राहिलो. मी ताट वाढून ठेवायचे आणि जेवा म्हणण्याऐवजी भांडं आपटायचे. तुम्ही बांधावर जवस पेरणं बंद केलंत, पोटाला सोसत नाही म्हणालात, आणि घाण्याचं तेल घरात येईना. गाडीला हात लावू द्यायचा नाही म्हणालात, तेव्हा मी सुट्टीत आलेल्या दादाला ऐकू जाईल असं बोलले की यांना बायकोपेक्षा गाडीचा जीव मोठा. तुम्ही जाऊन ताडपत्रीची दोरी आवळलीत. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी खुर्चीवर बसून वह्या तपासत होते, तर तुम्ही म्हणालात, "तुले उशीर होऊन राहिला, जाय शाळेत." मी गेले.

आता मी बसून हिशेब जुळवते आणि मग माझाच माझ्यावर विश्वास बसत नाही. त्या पाळीवर तुम्हाला जवसाची चव कळली होती का? कळलीच असणार, दुसरं काय? पण कुणाला विचारू? आणि कळली होती तर बाबूजी, मला तुमचा राग येतो. तुम्ही मला सांगायला हवं होतं. दोन थोबाडीत मारून सांगायला हवं होतं की सोड्यानं धुऊन घे म्हटलं होतं तिनं. तुम्हाला वाटलं, पोरीला वाचवलं. सहा वर्षं मी तुम्हाला उपाशी माणसासारखं एका शब्दासाठी बसवून ठेवलं, त्यात माझं काय वाचलं? मायचा जीव गाडी चालली असती तर वाचलाच असता, असंही नाही, डॉक्टर पुढे तसं म्हणाले होते. पण तुमची ती सहा वर्षं तर वाचली असती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं तांब्याची नळी तापवून साफ केली, कार्बोरेटर थिनरमध्ये बुडवला, जेटमधून कंप्रेसरची हवा मारली. रबरी नळ्या नवीन बसवल्या, ताजं पेट्रोल घातलं. तिसऱ्या सेल्फला गाडी चालू झाली आणि चांगली चालतेय. कोणतं तेल होतं हे त्यानं पुन्हा विचारलं नाही.

हे लिहिलेलं मी ठेवणार नाही. लग्नाच्या आधी दादा येऊन सगळं घर उलटंपालटं करेल, तुमचा फोटोसुद्धा उतरवून पुसेल. फाडण्याआधी एक मात्र सांगते. काल संध्याकाळी त्याचा फोन आला होता. "काय निघालं टाकीत?" वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, मी ते दिवसभर घोकलं होतं. आणि मी म्हटलं, "पेट्रोल सडलं होतं. बाबूजीनं कधी उघडून पाहिलीच नाही ना." दादा म्हणाला, "त्यायचं तसंच होतं." मी हो म्हटलं.