चार बोटं हवा

रविवार, २ नोव्हेंबर

विठ्ठलवाडीच्या भाड्याच्या खोलीला आज कायमचं कुलूप लावलं. सगळा संसार एका टेम्पोत मावला. किर्तीची तुळस तिच्या मांडीवर, तेजूची सायकल माझ्या डोक्यावर. बदलापूर येईपर्यंत माझ्या टकलावर पेडलचा छाप उठला होता, त्याला तेजू अजून हसतेय.

घर दौलतमामांचं. मामी फार लवकर गेल्या, मूलबाळ नाही. अंबरनाथच्या फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर मामा इथे एकटेच राहायचे. गेल्या महिन्यात गेले आणि घर माझ्या, म्हणजे भाच्याच्या नावावर ठेवून गेले. दोन खोल्या, हॉल, आणि तेजूच्या पलंगाशी खिडकी. खिडकीतून डोंगर दिसतो. सहा वर्षांच्या मुलीला आणखी काय हवं.

हॉलमध्ये मामांची चार फुटी काचेची पेटी आहे, त्यात दोन मासे. महिनाभर खालच्या मजल्यावरच्या शालनताईंनी त्यांना कोलंबी घातली. आता माझी पाळी.

दहाव्याची गंमत इथेच लिहून ठेवतो, कारण घरात सांगायची सोय नाही. उल्हास नदीवर मामांच्या पिंडाला कावळा शिवेना. समोरच्या झाडावर दहा-बारा बसले होते, पण खाली यायचं नाव नाही. मावशीनं सत्यनारायण कबूल केला. मावसभाऊ सनीनं घर विकणार नाही म्हणून सांगितलं, जसं काही ते त्याचंच होतं. दोन तास झाले. झाडावरचे गप्प आणि पोटातले कावळे मात्र जोरात. शेवटी मी हात जोडून म्हणालो, मामा, तुमचे मासे मी सांभाळतो, माझ्या तेजूच्या गळ्याशपथ. शब्द तोंडातून पडला आणि कावळा खाली. सगळ्यांनी हुश्श केलं आणि आम्ही जेवायला बसलो. किर्तीला पोरीची शपथ घेतलेली खपत नाही, म्हणून हे वहीतच राहू दे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

माशांचं नाव बिचिर. मी आयुष्यात मासा फक्त ताटात सांभाळलेला, त्यामुळे आज शिफ्ट संपल्यावर उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये गेलो. मामा ज्याच्याकडून माशांचं सामान घ्यायचे त्या सिंधी दुकानदारानं मामांचं नाव सांगताच ओळखलं. म्हणाला, "साईं, ये मछली भागती है. जरा सी जगह मिली के बाहर. ढक्कन टाइट रखना." पुढेही बरंच काही सांगत होता, पण माझ्या सुपरवायझरचा फोन आला आणि मी बोलत बोलत बाहेर पडलो.

दिसायला मासा कमी आणि साप जास्त. पाठीवर बारीक पंखांची रांग, करवतीला दाते असतात तशी. एक हातभर लांब, दुसरा वीतभर. डोळे अधू, वासावर खाणं शोधतात. तेजूनं लगेच बारसं केलं, मोठा तो आजोबा आणि छोटा तो पिंट्या. दर दोन-चार मिनिटांनी वर येतात, टप्प करून तोंड उघडतात आणि खाली जातात. तेजू म्हणते ते आपल्याला हाक मारतात.

रविवार, ९ नोव्हेंबर, दुपार

सुट्टीचा दिवस सत्कारणी लावला. पेटी घासली, काचा पुसल्या. महिनाभरात पाणी चार बोटं आटलेलं दिसलं, ते काठोकाठ भरलं. मामांचं झाकण ढिलं होतं, त्यावर नवी काच बसवली आणि चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. आता पळून दाखवा म्हणावं. किर्ती म्हणाली, हॉलला शोभा आली. मटण झालंय. जेवून ताणून देणार.

सोमवार, १० नोव्हेंबर

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय.

काल जेवण झाल्यावर तेजू चित्र काढत बसली होती. खडू खाली पडला. बघतो तर तिनं दोन्ही हातांनी गळा धरलेला, ओठ निळे. तिला आजवर साधा खोकला नाही. रिक्षानं हॉस्पिटल गाठलं, ऑक्सिजन लावला, तरी ती ओढतच होती. डॉक्टर कपडे घेऊन या म्हणाले म्हणून मी घरी आलो.

पेटीतले दोघे झाकणाला तोंड लावून होते. पिंट्या उलटा. आजोबाचं नाक काचेवर घासून लाल झालेलं. मी विटा ढकलल्या, काच उचलली, तांब्यानं पाणी उपसलं. आजोबानं तोंड बाहेर काढून एक घोट घेतला, मग दुसरा. तेवढ्यात किर्तीचा फोन आला. रडत होती. तेजूनं श्वास घेतला म्हणाली.

पिंट्या मेला.

दुकानदाराला फोन केला. तो ओरडला. म्हणाला, मी सांगितलं होतं ना, याला माणसासारखी फुफ्फुसं असतात, वर चार बोटं हवा सोडावी लागते, नाहीतर पाण्यात बुडून मरतो. पाणी आटलं नव्हतं. मामांनीच ते कमी ठेवलं होतं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

तेजूला घरी आणलं. एक्सरे मी स्वतः पाहिला. उजवं फुफ्फुस ठीक. डावं बसलंय, हवाच जात नाही. का, ते डॉक्टरांनाही कळत नाही. फुगे फुगवायचा व्यायाम दिलाय. पोरगी फुगा तोंडाला लावते आणि तो तसाच लोंबतो.

दोन मासे होते. एक गेला.

असं काही नसतं. मी मशीनवर काम करणारा माणूस आहे.

रविवार, १६ नोव्हेंबर

असतं.

चार दिवस घड्याळ लावून बघतोय. एरवी तेजूचा श्वास वरवरचा, अर्धवट. आजोबा वर येऊन टप्प करतो त्याच क्षणी तिची छाती भरते. स्वयंपाकघरात असली तरी, झोपलेली असली तरी.

खात्री करायला मी आज जे केलं ते लिहायलाच हवं. किर्ती भाजीला गेली होती. मी जाळी आडवी धरून आजोबाला वर येऊ दिलं नाही. मनात आकडे मोजले. चाळीसला तेजूचा हात गळ्याकडे गेला. "बाबा" म्हणाली, म्हणजे नुसते ओठ हलले. जाळी काढली.

मी तिचा बाप आहे आणि मी चाळीसपर्यंत मोजलं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

रविवारी संध्याकाळीच घाटावरच्या गुरुजींकडे गेलो होतो. शपथ कशी सोडवायची विचारलं. ते म्हणाले, ज्याच्यापाशी घेतली त्यानं सुटली म्हणायचं असतं. तो तर गेला. मग म्हणाले, कावळ्याला भात ठेवून बघा.

तीन दिवस गच्चीत भात ठेवतोय. मुंग्या येतात.

शालनताईंना सहज विचारलं, मासा किती वर्षांचा असेल. म्हणाल्या, भाऊ (मामांना त्या भाऊ म्हणतात) रिटायर झाले त्या साली आणला, चौदा वर्षं झाली. दुकानदाराला विचारलं, हे मासे जगतात किती. दहा, फार तर पंधरा, म्हणाला. हसला. "अभी तो बोनस चल रहा है, साईं."

शनिवार, २२ नोव्हेंबर

आजोबानं दोन दिवस कोलंबीला तोंड लावलेलं नाही. गांडुळं आणली. वास घेतो, मागे सरतो.

हात जोडून पेटीपुढे बसलो. खा रे बाबा. मामा, सुटली म्हणा. तुमचं घर नको, काही नको, एवढं म्हणा.

तेजूनं विचारलं, बाबा, कोणाशी — ती आता वाक्य पुरं करत नाही. अर्ध्यावर थांबते.

रविवार, २३ नोव्हेंबर

डॉक्टरांनी किर्तीला सांगितलं, घरात ओल नको, फिशटँक आधी काढा. तिनं कॅम्प पाचच्या दुकानदाराला फोन केला. मी आडवा आलो. सगळं सांगून टाकलं, घाट, कावळा, शपथ, पिंट्या, जाळीसुद्धा.

तिनं फोन खाली ठेवला. मग म्हणाली, तू माझ्या पोरीचा गळा मध्ये घातलास, जेवायला उशीर होतोय म्हणून.

बाकीचं तिला पटलं नाही. तुझं डोकं फिरलंय म्हणाली. पोरगी श्वासासाठी तडफडतेय आणि तू माशाला नमस्कार करतोस. तिच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो.

पेटी जाणार नाही असं बजावलं. ती तेजूजवळ जाऊन झोपली.

मंगळवार, २५ नोव्हेंबर, साडेचार

कामावरून आलो. पेटी रिकामी —

किर्तीनं आजोबाला बादलीत काढला होता. गॅलरीत. दुकानदार पाचला न्यायला येणार म्हणून. बादली काठोकाठ. वर ताट, ताटावर पाटा. पळू नये म्हणून. तिची चूक नाही. मीही हेच केलं होतं.

तेजू पलंगावर. ओठ तसेच —

अँब्युलन्सला फोन केलाय. गल्ली खणलेली, गाडी आत येत नाही. किर्ती नाक्यावर धावलीय.

आजोबा जिवंत आहे. पण आपणहून वर येत नाही. मी बोटांनी त्याचं तोंड पाण्याबाहेर धरतो, तो हवा घेतो, तेजूची छाती उचलते. सोडला की तळाला. बादली पलंगापाशी आणलीय. डावा हात बादलीत. उजव्यानं लिहितोय.

किर्ती, तोंडी सांगितलं तर भांडशील, तेवढा वेळ नाही. पटू दे न पटू दे, वाच. बादली गाडीत घ्यायची. ते नाही म्हणतील. पाया पड. बादलीशिवाय तेजूला हलवू देऊ नकोस.

कसं धरायचं ते — जबड्याखाली दोन बोटं. दाबायचं नाही. हळू वर आण. तोंड उघडेपर्यंत थांब. मग सोड. तीस मोज. परत. घाई केलीस तर निसटतो, अंग बुळबुळीत —

आधी साठ मोजून उचलत होतो, मग तीस. आता वीस.

सायरन ऐकू येतोय. नाक्यावरच असेल.

बोटं बधिर झालीत. तेजू माझ्याकडे बघतेय. काही बोलू नकोस बाळा —

उचलला. उघडत नाही.

परत उचलला. किर्ती, जिन्यात तुझी चप्पल वाजतेय. पळ. तू धर, माझ्या हाताला कळत नाहीये. तोंड वर आहे, पाण्याबाहेर आहे, मी धरलंय, नीट धरलंय, आणि तरी तो